दार गेले, कुलूप राहिले

‘बेघर’ हा शब्द कानी पडला की, पुष्कळ वर्षे आमच्या डोळ्यांपुढे मुंबईचा पदपथ उभा राहत असे. गुरुविद्यालयात शिकत असताना एकदा पहाटेच्या गाडीने आम्ही त्या शहरात उतरलो. स्थानकाबाहेर दुतर्फा माणसे निजलेली होती. कोणी वर्तमानपत्र अंथरले होते, कोणी पोते पांघरले होते, आणि एक लहान मूल आईच्या पदराचे टोक मुठीत धरून शांत झोपले होते. ते दृश्य पाहून मन कळवळले खरे. परंतु त्याच वेळी असेही वाटून गेले की, हे दुःख मोठ्या शहरांचे आहे. आमच्या खेड्यांत माणूस गरीब असेल, प्रसंगी उपाशीही निजेल, पण निवाऱ्यावाचून राहणार नाही. कारण खेड्यात कोणाच्या ना कोणाच्या ओसरीचा कोपरा मोकळा असतोच. हा आमचा समज किती पोकळ होता, हे आम्हांस २०१९ सालच्या महापुराने दाखविले. आणि ते दाखविण्यास आमचीच एक चूक निमित्त झाली. ती चूक आज वाचकांपुढे मांडावी असे योजिले आहे.

त्या वर्षीचा ऑगस्ट महिना आमच्या सीमाभागातील आबालवृद्धांच्या स्मरणात आहे. घाटमाथ्यावर पाऊस थांबेना. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा, मलप्रभा अशा साऱ्याच नद्या एकाच वेळी पात्राबाहेर पडल्या. निपाणीजवळ यमगर्णीपाशी वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले आणि पुण्याहून बंगळूरकडे जाणारी वाहतूक खोळंबली. बेळगाव जिल्ह्यात हजारो घरे पडली. आमच्या धर्मग्रामाच्या शाळेत नदीकाठच्या गावांतील कुटुंबे आली. बाके एका बाजूस रचली, वर्गावर्गांतून सतरंज्या पसरल्या, सिस्टरांनी चुली पेटविल्या, आणि गावच्या तरुणांनी भाकऱ्यांच्या टोपल्या घरोघरून गोळा करून आणिल्या. त्या दिवसांत जात, धर्म, मराठी, कानडी यांतले काही कोणी विचारले नाही.

पूर चढत असताना घरे फारशी पडली नाहीत. ती पडली पाणी ओसरू लागल्यावर. आमच्याकडच्या जुन्या भिंती मातीच्या. सात-आठ दिवस पाण्यात राहिल्या की त्या आतून लोण्यासारख्या मऊ होतात. चहूकडे पाणी असते तोवर पाण्याच्याच दाबाने त्या कशाबशा उभ्या राहतात. पाणी उतरले आणि ऊन पडले की भिंत खाली बसते व तिच्यामागून आढे, वासे, कौले येतात. म्हणूनच आकाश निवळल्यावर जेव्हा बाहेरचे लोक ‘संकट टळले’ असे म्हणत होते, तेव्हा आमच्या शाळेतील बायका आपापल्या गावी जाऊन, उंबऱ्यापाशी उभ्या राहून, पदर तोंडाला लावून परत येत होत्या.

त्यांत साठी उलटलेली एक विधवा होती. जन्मभर विड्या वळून तिची बोटे काळवंडली होती. मुलगा आजारात गेलेला, सून दुसरे घर करून गेलेली, आणि पदरी अकरा वर्षांचा नातू. ती आमच्या धर्माची नव्हती. पण रोज सायंकाळी जपमाळ सुरू झाली की मागच्या भिंतीशी येऊन बसे. तिच्या कमरेच्या पिशवीत एक जुने पितळी कुलूप आणि त्याची किल्ली होती. पूर आला तेव्हा तिने घराला कुलूप लावून घर सोडले होते. परत जाऊन पाहिले तो भिंत नाही, दार नाही. चिखलात चौकट पडलेली आणि तिच्या कडीत ते कुलूप जसेच्या तसे. तेवढे ती काढून घेऊन आली होती.

दोन आठवड्यांनी शाळा पुन्हा सुरू करणे भाग पडले. आम्ही सर्व कुटुंबांना एकत्र बसवून हात जोडून सांगितले की, आता आपापली सोय पाहावी. कोणी भावाकडे गेले, कोणी भाड्याच्या खोलीत गेले, कोणी मोडक्या घरावर ताडपत्री टाकून राहू लागले. ती आजीही उठली. गाठोडे काखेत मारून, नातवाचा हात धरून, ‘जाते, फादर’ एवढेच म्हणाली. तिची विवाहित मुलगी निपाणीत राहते हे आम्हांस ठाऊक होते. तेव्हा ती तिच्याकडेच जात असेल असे आम्ही गृहीत धरिले. दोन पायल्या तांदूळ आणि एक घोंगडे देऊन आम्ही तिला निरोप दिला. त्या रात्री वर्ग धुऊन स्वच्छ झाले, बाके जागच्या जागी लागली, आणि आपण आपले कर्तव्य पार पाडिले या समाधानात आम्ही निजलो.

दिवाळीच्या आठवड्यात एका आजाऱ्यास भेटून परतताना निपाणीच्या बसस्थानकावर आम्हांस रात्री बराच वेळ थांबावे लागले. बाकाच्या कडेला, भिंतीकडे तोंड करून कोणी स्त्री निजली होती. घोंगडे ओळखीचे वाटले. जवळ गेलो तो तीच आजी. आम्हांस पाहून ती लगबगीने उठून बसली, जणू अपराध तिचाच. हळूहळू सर्व उलगडा झाला. मुलीच्या घरी एकच खोली, आणि त्यात सहा माणसे. दिवसभर ती तेथे बसून विड्या वळी. जावई कामावरून घरी आला की ‘भजनाला जाते’ म्हणून बाहेर पडे, आणि रात्र स्थानकावर काढी. नातवास तिने त्याच्या आईच्या भावाकडे गडहिंग्लजला पाठविले होते. आम्ही म्हणालो, ‘आजी, आम्हांला का नाही सांगितलेत?’ ती म्हणाली, ‘तुमी इचारलं न्हाईसा, फादर; म्याबी सांगितलं न्हाई.’

वाचकहो, एवढ्या वर्षांच्या धर्मसेवेत आम्हांस पुष्कळांनी बोल लाविले आहेत, पण ते मनास असे लागले नव्हते. तिने तर आम्हांस बोल लाविलाही नव्हता. बेथलेहेमच्या धर्मशाळेत जागा मिळाली नाही, या घटनेवर आम्ही प्रत्येक नाताळात प्रवचन करीत आलो होतो; आणि प्रत्येक वेळी त्या धर्मशाळेच्या मालकाला थोडेफार दूषणही देत आलो होतो. त्यानेही कदाचित असेच गृहीत धरिले असेल की, या जोडप्याचे कोणी ना कोणी गावात असेलच.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला सिस्टरांच्या आवारातील एका खोलीत आणिले आणि तिचे घर का उभे राहत नाही याचा शोध आरंभिला. सरकारने त्या पुरात संपूर्ण पडलेल्या घरासाठी पाच लक्ष रुपये जाहीर केले होते, आणि तत्काळ मदत म्हणून दहा हजार. दहा हजार तिला मिळाले होते. ते औषधात आणि जुनी उधारी फेडण्यात गेले. पाच लक्षांच्या वाटेत मात्र एकामागून एक दारे बंद होती. पंचायतीच्या उताऱ्यावर घर तिच्या सासऱ्यांच्या नावे. सासरे वारून तीस वर्षे झालेली, आणि वारसाची नोंद कधी झालेलीच नाही. दोन दीर इचलकरंजीस यंत्रमागावर. त्यांची संमती हवी. अर्ज कानडीत, तिची बोली मराठी. आणि वाचण्याचे म्हणाल तर तिला दोन्ही लिपी सारख्याच परक्या. हे सारे जमले असते तरी मदत हप्त्याहप्त्याने मिळणार होती: आधी काही रक्कम, मग पाया झाल्यावर त्याचे छायाचित्र, मग पुढची रक्कम. ज्याच्या गाठी पहिला खर्च करण्यास थोडे तरी पैसे आहेत त्यालाच ही रीत मानवते. ज्या कचेरीत आम्ही खेपा घातल्या तेथील माणसे वाईट नव्हती. त्यांच्यापुढे कागद होते आणि कागदांत ती बाई नव्हती, एवढेच.

तेव्हा आमच्या ध्यानी आले की, तिला बेघर नदीने केले नव्हते. नदीने फक्त भिंत पाडली. त्याच गल्लीतील दुसरी पडलेली घरे दोन वर्षांत पक्की होऊन उभी राहिली. हिचे राहिले, कारण हिच्या नावे उतारा नव्हता, गाठी पैसा नव्हता, पाठीशी कमावता पुरुष नव्हता, आणि लेकीच्या घरात सातवे अंथरूण मावत नव्हते. माणूस एका कारणाने बेघर होत नाही. एकावर एक रचलेल्या आधारांतला एकेक निसटत जातो, आणि शेवटचा निसटला म्हणजे लोक म्हणतात, ‘पुरात घर गेले.’

याच दृष्टीने आम्ही पुढे अवतीभोवती पाहू लागलो. हुक्केरी तालुक्यात हिडकलच्या धरणाखाली जुनी गावे बुडाली आहेत. उन्हाळ्यात पाणी पार खाली गेले म्हणजे हुन्नूरच्या विठ्ठलाचे जुने देऊळ पाण्यातून वर डोकावते, आणि त्या गावचे म्हातारे मुद्दाम जाऊन त्याचे दर्शन घेतात. त्या पाण्याने आमची शेते हिरवी झाली, हे विसरू नये. पण कोणाच्या तरी उंबऱ्यावरून ते पाणी येते, हेही विसरू नये. दसरा-दिवाळी झाली की बीडकडून ऊसतोड कामगारांच्या गाड्या कोल्हापुराकडे, तशाच आमच्या चिकोडी, संकेश्वर, निपाणीच्या साखर कारखान्यांकडे येतात. पाचटाची व ताडपत्रीची कोपी हेच त्यांचे पाच-सहा महिन्यांचे घर. तिला कडी नाही, न्हाणी नाही, दिवा नाही. पहाटे आईबाप फडात गेले की त्या कोपीत धाकट्या भावंडास सांभाळीत बसलेली आठ-नऊ वर्षांची मुलगी आमच्यापैकी प्रत्येकाने पाहिली आहे. तिच्या गावी घर आहे. पण तेथे पाऊस नाही, काम नाही, आणि मुकादमाची उचल फिटलेली नाही. घर असून ती बेघर आहे.

अशांची गणती कोठे होते? २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री गणकांनी रस्त्याकडेला, पुलाखाली, मोठ्या नळांत, रेल्वेच्या फलाटांवर आणि देवळांच्या आवारांत निजलेल्या लोकांना मोजले. भारतात असे सुमारे १७ लक्ष ७३ हजार लोक आढळले. त्यांपैकी दोन लक्षांहून अधिक एकट्या महाराष्ट्रात. ही संख्या थोडी नव्हे. परंतु त्या रात्री आमची आजी शाळेच्या वर्गात असती तर ती मोजली गेली नसती. दिवसा लेकीच्या उंबऱ्याआड बसणारी बाई पाहून तिला बेघर कोण म्हणणार? जे दिसतात त्यांच्यापेक्षा जे दिसत नाहीत ते अधिक, असे आम्हांस वाटते.

आणि ही केवळ गरीब देशांची गोष्ट नव्हे. अमेरिकेसारख्या धनाढ्य राष्ट्रात जानेवारी २०२४ मधील एका रात्रीच्या मोजणीत ७ लक्ष ७१ हजारांहून अधिक लोक बेघर आढळले. एका वर्षात ही संख्या शेकडा १८ ने वाढली होती. तेथे पूर आला नव्हता. घरभाडे मजुरीच्या पुढे धावू लागले, आणि ज्यांच्यामागे आजार, घटस्फोट वा व्यसन लागले ते पहिल्याने मागे पडले. युद्ध, छळ आणि दंगली यांमुळे परागंदा झालेल्यांची जगातील संख्या २०२४ च्या अखेरीस १२ कोटी ३२ लक्ष होती, असे संयुक्त राष्ट्रसंघाची निर्वासितांसाठीची संस्था सांगते. आणि आपल्याकडे मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा काय घडले? मजुरी थांबताच शहरातील खोली सुटली, आणि ज्यांनी त्या शहरांच्या इमारती बांधिल्या तेच मुलांना खांद्यावर घेऊन गावाकडे पायी चालू लागले. पुण्याहून निघालेली अशी कुटुंबे आमच्या महामार्गानेही गेली. ज्याचा निवारा रोजच्या मजुरीवर टांगलेला आहे, तो रस्त्यापासून एका महिन्याच्या अंतरावर राहतो.

निवारा आणि पोट यांचे हे नाते आपल्या सर्वोच्च न्यायालयाने पूर्वीच ओळखिले होते. १९८१ मध्ये मुंबईच्या पदपथांवरील झोपड्या हटविण्याचे ठरले, तेव्हा पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही पदपथवासी न्यायालयात गेले. १९८५ मध्ये निकाल लागला. पदपथावर राहण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला नाही. परंतु उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे स्पष्ट सांगितले. माणूस पदपथावर हौसेने राहत नाही. काम तेथे जवळ असते म्हणून राहतो. पुढे १९८७ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने बेघरांच्या निवाऱ्यासाठी पाळिले, आणि त्याच वर्षी आपल्या ख्रिस्तसभेच्या न्याय व शांती आयोगाने बेघरांविषयी एक पत्रक तयार केले. त्याच्या मथळ्यातच प्रश्न होता: तुझ्या बेघर भावाचे तू काय केलेस? हा प्रश्न आम्ही गुरुविद्यालयात असताना वाचला होता, त्याखाली रेघही मारली होती. त्याचे उत्तर देण्याची पाळी निपाणीच्या बसस्थानकावर येईल, असे मात्र वाटले नव्हते.

उपाय नाहीत असे नाही. फिनलंड नावाचा उत्तरेकडील एक लहानसा थंड देश आहे. तेथे १९८० नंतरच्या दशकात हजारो लोक बेघर होते. आधी माणसाने व्यसन सोडावे, नोकरी शोधावी, आणि मग त्यास घर द्यावे, अशी जगरीत. २००८ पासून फिनलंडने हा क्रम उलटा केला: आधी भाडेकरार आणि किल्ली हाती द्यावयाची, औषध, सल्ला, काम हे त्यानंतर. हेलसिंकी शहरात मुक्तिफौजेचे सुमारे २५० खाटांचे रात्रनिवास होते. ते मोडून २०१२ मध्ये ८१ स्वतंत्र सदनिका केल्या. २०२३ पर्यंत त्या देशातील बेघरांची संख्या साडेतीन हजारांच्या आत आली. पुढच्या वर्षी ती वाढली, यावरून हे काम एकदा करून सोडून देण्याचे नव्हे, हेही दिसले. तरी किल्ली आधी, हा धडा खराच आहे. ज्याला रात्री निजण्याची शाश्वती नाही, त्याने सकाळी शहाणपणाने वागावे अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करावी?

आमच्या आजीच्या हाती किल्ली येण्यास दीड वर्ष लागले. दीर इचलकरंजीहून आले. प्रथम कुरकुरले, मग भावजयीचा हात पाहून गप्प झाले आणि संमतीपत्रावर अंगठे-सह्या झाल्या. मध्ये टाळेबंदी आली. कागद पूर्ण झाले तोवर मुदत सरली होती. तेव्हा गावानेच मनावर घेतले. व्हिन्सेंट दी पॉल सभेने पत्रे आणि सिमेंट दिले. एका शेतकऱ्याने जुने दगड दिले. तरुण मंडळाने, ज्यात आमची मुले थोडी आणि इतर अधिक होती, रविवारी रविवारी श्रमदान केले. एका अनुभवी गवंड्याने सांगितले की, जोते पुरुषभर उंच घ्या, नाहीतर सगळे पुन्हा नदीला वाहाल. २०२१ च्या एप्रिलात दोन खोल्या उभ्या राहिल्या. आशीर्वादास आम्हांस बोलाविले तेव्हा आजीने पिशवीतून ते पितळी कुलूप काढिले, नव्या कडीत अडकवून पाहिले, आणि ते बसले तेव्हा लहान मुलीसारखी हसली. त्याच जुलैत पुन्हा पूर आला, महामार्ग पुन्हा बंद पडला. पाणी जोत्याच्या वरच्या पायरीच्या खाली थांबले.

२०२३ साली ती आपल्या घरात, आपल्या अंथरुणावर, नातवाच्या हातून पाणी घेऊन गेली. घर आता नातवाच्या नावे आहे. वारसाची नोंद या वेळी तेराव्याच्या आत झाली. ती करून घेण्यास आम्ही स्वतः तलाठ्याकडे गेलो होतो.

वाचकहो, जगातील सर्व बेघरांना घर देणे तुमच्या-आमच्या हाती नाही. परंतु आपल्या धर्मग्रामात तीन गोष्टी करणे अवघड नाही. आज घरी जाऊन उतारा काढून पाहा: घर कोणाच्या नावे आहे, आणि त्या घरात राबणाऱ्या विधवेचे, सुनेचे, बहिणीचे नाव त्यावर कोठे आहे का. ज्या घरात मृताच्या नावावर जिवंत माणसे राहतात, त्या घराची भिंत आधीच भिजलेली समजावी. दुसरे असे की, हंगामात आपल्या शिवारात कोपी पडली तर त्या मुलांसाठी शाळेचे दार आणि आपल्या विहिरीचे पाणी मोकळे ठेवा. आणि तिसरी गोष्ट सर्वांत सोपी. कोणीही गाठोडे उचलून ‘जाते’ म्हणून निघाले, तर ‘बरे’ म्हणण्यापूर्वी त्यास एक प्रश्न विचारा.

तुम्ही कोठे जाणार?

आम्ही तो विचारला नव्हता. तेव्हापासून आमच्या शाळेच्या वर्गातून, सिस्टरांच्या दवाखान्यातून वा देवळाच्या पायरीवरून कोणी निघाले की आम्ही तो विचारतो. आणि उत्तर मिळेपर्यंत दारात उभे राहतो.